कुटुंब क्रमांक सत्त्याऐंशी

पडद्यावर सहा पट्ट्या उभ्या राहिल्या. पाच निळ्या, एक लाल. लाल पट्टी बाकीच्यांच्या वर चांगली दोन बोटे गेली होती.

"हे गाव क," तेजस्विनी म्हणाली. "खाणी बंद पडल्यावर इथल्या घरांचं उत्पन्न निम्म्यावर आलं. पण दारूच्या दुकानांकडे जाणारा पैसा कमी झाला नाही, उलट वाढला. शंभर रुपयांतले एकोणीस."

पुढच्या रांगेतल्या समाजकल्याण खात्याच्या साहेबांनी मान हलवली आणि समोरच्या कागदावर काहीतरी टिपून घेतले. डिचोलीच्या त्या सभागृहात शंभरेक माणसे होती. गावाचे नाव कुठेच लिहिलेले नव्हते, कारण संशोधनात नाव लिहायचे नसते. पण सुर्ल्याच्या लोकांना आणायला संशोधन करणाऱ्या संस्थेनेच मिनीबस पाठवली होती आणि ती दारात रिकामी होताना सगळ्यांनी पाहिली होती. मागून कोणीतरी म्हणाले, "ह्या सुर्लाच!" आणि हशा पसरला.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या सुमंगलाचे कान तापले.

सुमंगलाचे वय चौपन्न. सुर्ल्याच्या पतसंस्थेत ती सव्वीस वर्षे कारकून होती. म्हणजे कॅशियरही तीच, शिपाईही तीच आणि सकाळी केर काढणारीही तीच. कोणाच्या मुलीचे लग्न मोडले, कोणाचा नवरा मुरगावला कामाला गेला तो परतलाच नाही, हे सगळे तिच्या खिडकीतून आत आले होते आणि आतच राहिले होते. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी तेजस्विनी आधी तिच्याकडे आली. बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत काम करणारी पुण्याची मुलगी, नम्र, चपला दाराबाहेर काढणारी. खाणपट्ट्यातली घरे पैसा कसा खर्च करतात ते तिला लोकांना विचारून नव्हे, तर बँकेच्या आणि फोनच्या नोंदींवरून बघायचे होते.

"विचारलं की माणसं विसरतात, लाजतात," ती म्हणाली होती. "नोंदीत तसं होत नाही."

सुमंगला तिला घेऊन एकशे चाळीस घरे फिरली. प्रत्येक घरी तेच. तेजस्विनी मांडीवरच्या टॅबलेटवर नाव भरी, घरातल्या फोनवर सहा अंकांचा आकडा येई. हा आकडा कोणालाही सांगू नका, असे बँक ज्याला त्याला बजावते. लोक फोन सरळ सुमंगलाच्या हातात देत. "तूच बघ गो, माका चष्म्याशिवाय दिसणा नाय." ती आकडा वाचून दाखवी. "नाव खंयच येवचा नाय," हेही तीच सांगे. प्रत्येक घराला एक स्टीलचा डबा मिळाला. पतसंस्थेला नवा संगणक आणि प्रिंटर मिळाला. त्या सहा अंकांनी पुढची दोन वर्षे घराचे दार उघडे राहते, हे कागदात होते. सुमंगलाने कागद वाचला नव्हता.

आता ती उभी राहिली.

"मॅडम, एक चूक होते आहे," ती कचेरीतल्या मराठीत म्हणाली. "आमच्या गावातलं एटीएम अकरा महिने बंद आहे. बँक साखळी गावाला. गोकुळदासाचा पुढे बार आहे आणि मागे किराणा. लोक फोनवरून त्याला पैसे पाठवतात आणि त्याच्याकडून रोख घेतात. तांदूळ त्याच्याचकडे, साबण त्याच्याचकडे. पण फोनवर नाव येतं ते बारचं."

"काकी, ते आम्ही लक्षात घेतलंय," तेजस्विनी म्हणाली. "त्यासाठी एक हिस्सा वजा केलाय."

"किती?"

"अंदाजे एक तृतीयांश."

"हो अंदाज केलो कोणी? माका कोणी विचारूक नाय." कचेरीतले मराठी तिच्या तोंडून निसटले. "मी थयच बसतंय, समोरच्या खिडकीत. माका विचारूचा."

साहेबांनी घड्याळ पाहिले. तेजस्विनीने हातातले बटण दाबले. "काही घरांचा पॅटर्न इतका स्पष्ट आहे की तिथे अंदाजाची गरजच पडत नाही. हे बघा."

पडद्यावर अक्षरे आली. कुटुंब क्रमांक ८७. विधवा, वय साठच्या पुढे. मुलगा ट्रकचालक. पेन्शन महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जमा. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, पूर्ण रक्कम एकाच मद्यविक्रेत्याकडे. सलग बावीस महिने.

सुमंगलाने पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"म्हणून आमची शिफारस अशी की गाव क मध्ये पेन्शन रोख न देता कुपनांवर द्यावी," तेजस्विनी सांगत होती. "धान्य आणि औषधं. प्रयोग म्हणून एक वर्ष."

उजवीकडे ट्रकवाले बसले होते. त्यांच्यातला सर्वेश एकदम मोठ्याने हसला. "अरे, ही तर आमची म्हातारी! माझी आवस!" त्याने बाजूच्याच्या मांडीवर थाप मारली. "बावीस म्हयने! मी पितंय म्हणान माका नावा ठेयता, आणि आता बघा!"

शंभर माना मागे वळल्या. शेवटच्या रांगेत बायकांबरोबर रुक्मिणी बसली होती. बारीक अंगाची, त्रेसष्ट वर्षांची, हिरव्या काठाचे लुगडे नेसलेली.

"प्लीज, नावं नकोत," तेजस्विनी माइकवर म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पण आता नाव घ्यायचे काही उरलेच नव्हते.

सुमंगलाने तोंड उघडले. शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात मागे खुर्ची सरकली आणि रुक्मिणी उठून उभी राहिली.

"होय," ती म्हणाली. "पितंय मी. माझी पेन्शन, माझी दारू. कोणाक काय करूचा आसा?"

सभागृह हसून हसून लोटपोट झाले. तेजस्विनी हसली नाही. ती साहेबांकडे वाकून काहीतरी म्हणाली, पण माइक चालू राहिला होता.

"डेटा खोटं बोलत नाही, सर."

रुक्मिणीने जन्मात दारूचा थेंब तोंडाला लावला नव्हता. बारवाला गोकुळदास सोडला तर गावात हे दोनच माणसांना ठाऊक होते. एक ती स्वतः, आणि दुसरी सुमंगला.

तेजस्विनीबरोबरची ती फेरी संपून महिना झाला असेल-नसेल, तेव्हाची गोष्ट. सर्वेशची बायको कोमल दुपारी पतसंस्थेच्या खिडकीशी आली. ओठ फुटला होता, डावा डोळा मिटला होता आणि कडेवर दोन वर्षांची गौरवी होती. तिच्या नावावर एक आवर्ती ठेव होती, मुदत संपायला आठ महिने बाकी. "माका आजच होये, काकी," ती म्हणाली. मुदतीआधी ठेव मोडायला तीन दिवसांची नोटीस लागते. सुमंगलाने अर्जावर तीन दिवस मागची तारीख घातली. सव्वीस वर्षांत तिने केलेली ती एकच लबाडी. मग कुलूप लावून तिने स्वतः त्या दोघींना बसमध्ये बसवले. पेडण्याला सुमंगलाचे माहेर होते. तिच्या भावाने खोली बघून दिली, कोमलने काम धरले.

सर्वेश लोखंडी सळई घेऊन दोनदा बांद्याला, कोमलच्या माहेरी जाऊन आला. पेडणे त्याच्या डोक्यात आले नाही.

कोमल गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी रुक्मिणी खिडकीशी आली. सुनेला कोणी बसमध्ये बसवले ते तिने ओळखले होते. नातीला पैसे पाठवायचे होते. पण सर्वेश रोज संध्याकाळी तिचा फोन बघे. कोणाला गेले, किती गेले, कशाला गेले. तो पासबुकही बघे.

"गोकुळदासाक पाठयतंय," रुक्मिणी म्हणाली. "तो रोख दिता, विचारणा नाय. सर्वेश म्हणतलो, खंय गेले पैशे? सांगतलंय, पिलंय. ता त्याका पटतला. तेवढाच त्याका पटता."

तेव्हापासून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सुमंगला माहेरी जाई, आणि तिच्या पर्समध्ये एक पाकीट असे. इकडे गावात रुक्मिणी पिणारी म्हातारी झाली. देवळातल्या भजनाला तिला कोणी हाक मारीनासे झाले. शेजारणी सून घर सोडून गेल्याचे खापर तिच्या दारूवर फोडू लागल्या. रुक्मिणी ऐकून घेई. हे सगळे तिने आपल्या हातांनी उभे केले होते आणि ते टिकले होते. बेंगळुरूच्या यंत्रालासुद्धा ते खरे वाटले.

परतीच्या मिनीबसमध्ये सुमंगला तिच्या शेजारी जाऊन बसली. पुढे बसलेले ट्रकवाले अजून हसत होते.

"कित्याक म्हणालंस गो तसा?" तिने हलक्या आवाजात विचारले.

"मगे काय करू? तू उभी र्‍हवलेलंस. तुझ्या तोंडार येवक लागलेला." रुक्मिणी खिडकीबाहेर बघत होती. "तू एक शबूद बोलली असतंस, तर तो आज सांजेक पेडण्याक पोचलो असतो."

सुमंगलाला तेजस्विनीचा राग आला होता, साहेबांचा आला होता, हसणाऱ्या शंभर जणांचा आला होता. पण सगळ्यात जास्त राग तिला स्वतःच्या आवाजाचा येत होता. सहा अंक वाचून दाखवणाऱ्या त्या आवाजाचा.

दोन दिवसांनी ते पेपरात आले. पहिल्या पानावर, चौकटीत. खाणपट्ट्यातील कुटुंबे शंभरातले एकोणीस रुपये दारूत घालवतात. सर्वेशने कात्रण कापून ट्रकच्या काचेला लावले आणि आईचा फोन खिशात घातला. "पेन्शन आता मी सांभाळतलंय," त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत सांगितले. "म्हातारी पिवन मरात." शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. मुलगा आईची काळजी घेतो, यात वाईट काय?

सुमंगलाने जेवणाच्या सुट्टीत तेजस्विनीला फोन लावला.

"काकी, आम्ही तिचं नाव घेतलं नाही," तेजस्विनी म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "तो माणूस मधेच बोलला. मला खूप वाईट वाटलं."

"विधवा, साठीच्या वर, मुलगा ट्रकवालो, पेन्शन अमक्या आठवड्यात. आमच्या वाड्यार अशी एकच बाई आसा. तू नाव तेवढा सांगूक नाय, बाकी सगळा सांगितलंस."

"मग ते पैसे खरंच कुठे जातात ते मला सांगा. मी दुरुस्त करते. गुप्त राहील."

"गुप्त र्‍हातला म्हणान तूच सांगितलेलंस. आणि मी ता घराघरांनी सांगान आयलंय."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"त्या संमतीच्या कागदात नववं कलम आहे," तेजस्विनी म्हणाली. "कोणीही, कधीही, कारण न देता बाहेर पडू शकतं. मग त्यांच्या आधीच्या नोंदीही आम्हाला काढून टाकाव्या लागतात. फोनवरून होतं. ज्याचा फोन हातात नाही त्याने लिहून द्यायचं." तिने आवाज खाली आणला. "मी सांगितलं असं म्हणू नका."

त्या संध्याकाळी सुमंगलाने कपाटातून कागद काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचला. सात पाने होती. आठ दिवसांनी ती पुन्हा त्याच एकशे चाळीस घरांच्या वाटेला लागली. पतसंस्था सुटली की रोज दहा-बारा घरे. दोन वर्षांपूर्वी लोकांनी खुर्ची दिली होती, कोकम सरबत दिले होते. आता काही जणांनी तिला उंबऱ्यावरच उभे केले.

"तेव्हा तूच आणलंस त्या चेडवाक," एक बाई म्हणाली. "आमका पेपरात बेवडे केलंस आणि आता परत आकडे मागूक आयलंस?"

जयराम म्हणून एक म्हातारा होता, खाणीत फोरमन होऊन निवृत्त झालेला. त्याने फोन पुढे केलाच नाही. "तुझ्या सांगण्यार दिलो. आता तुझ्या सांगण्यार मागे घेवचो? फाल्या काय सांगतलंस?"

"ह्या वेळी माझा आयकू नकोस, भाऊ," सुमंगला म्हणाली. "हो कागद. तूच वाच. मी बसतंय."

तो अर्धा तास वाचत बसला. ती अंगणातल्या दगडावर बसून राहिली. मग त्याने स्वतःच्या बोटाने आकडे दाबले आणि तिच्याकडे न बघता आत निघून गेला.

बारा दिवसांत एकशे एकोणीस घरे बाहेर पडली.

तेराव्या दिवशी प्रज्योतने तिला केबिनमध्ये बोलावले. प्रज्योत पतसंस्थेचा अध्यक्ष, वय छत्तीस. त्याच्या वडिलांनी सुमंगलाला कामावर घेतले होते.

"काकी, बेंगळुरूहून पत्र आलंय. आमच्या स्टाफनं सभासदांना भडकवलं, असं लिहिलंय." त्याने कागद फिरवून तिच्यासमोर केला. "दुसऱ्या टप्प्याचे पाच लाख मिळणार होते आपल्याला. आता ते दुसऱ्या गावाला जाणार."

"जावं दे."

"असं कसं जावं दे? तुमची निवृत्तीला चार वर्षं राहिली. मला कमिटीला काहीतरी दाखवावं लागेल. उरलेली एकवीस घरं सोडून द्या, एक माफीचं पत्र द्या, मी मिटवतो. नाहीतर मग राजीनामा."

"माफी कोणाची मागू, प्रज्योत? लोकांचे आकडे मी वाचून दाखयले. तू नाय, तुझ्या कमिटीन नाय. तुमी प्रिंटर घेतलास." तिचा आवाज बाहेरच्या बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जात होता आणि तिला त्याची फिकीर नव्हती. "रुक्मिणीक शंभर माणसांत उभी केली. तिच्या झिलान तिचो फोन काढून घेतलो. ता तुका दिसूक नाय. पाच लाख दिसले."

"काकी, हळू बोला."

"सव्वीस वर्षा हळूच बोललंय."

तिने कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडला आणि टेबलावर आदळला. काच तडकली. प्रज्योत खुर्चीवरून अर्धा उठला आणि तसाच राहिला. राजीनामा तिने त्याच नव्या संगणकावर टाइप केला, त्याच प्रिंटरवर काढला.

घरी तिच्या नवऱ्याने, रामचंद्राने, तिचे तोंड बघून "जेवलंस?" एवढेच विचारले. ती नाही म्हणाली. त्याने ताट वाढले. ती जेवता जेवता रडली, रागानेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वेशचा ट्रक गेल्याची खात्री करून ती रुक्मिणीकडे गेली.

"चल. साखळीक."

बँकेत रुक्मिणीने फोनवरचे व्यवहार बंद करून घेतले. खात्याला जोडलेला नंबर बदलला. मग सुमंगलाने नवव्या कलमाचा अर्ज लिहिला, कागदाच्या माथ्यावर कुटुंब क्रमांक ८७ असे घातले, आणि रुक्मिणीने खाली सही केली. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईची मोठी, ठसठशीत सही. काउंटरवरच्या पोराने नंबर बदलण्याचे कारण विचारले.

"सांगूचा नाय," रुक्मिणी म्हणाली.

बसस्टँडवर आल्यावर सुर्ल्याची बस लागलेली होती. रुक्मिणी बसकडे वळलीच नाही. तिने पदराखालून कापडी पिशवी काढली. आत दोन लुगडी, पासबुक आणि रेशन कार्ड होते.

"सांजेक तो फोन बघतलो," ती म्हणाली. "चलणा नाय म्हटल्यार माझ्यार हात टाकतलो. आजवर टाकूक नाय, आवस म्हणान. आता ता काय र्‍हवला नाय."

"घर तुझ्या नावार आसा गो."

"आसू दे. नाव आसा म्हणान मी थय मराची?"

त्या म्हापशाच्या बसमध्ये चढल्या, तिथून पुढे पेडणे. मंगळवार होता, सकाळचे अकरा. सव्वीस वर्षांत सुमंगलाने मंगळवारचे अकरा खिडकीतूनच पाहिले होते.

पुढे महिन्याभराने संस्थेचा अहवाल निघाला. त्यात पाचच गावे होती. गाव क च्या जागी एक तळटीप होती: पुरेशी माहिती उपलब्ध नाही. कुपनांचा प्रयोग सुर्ल्यात आला नाही. दुसऱ्या कुठल्या गावात गेला असेल तर सुमंगलाला कळले नाही. ज्या पेपरने एकोणीस रुपये पहिल्या पानावर छापले होते, त्याने ही तळटीप छापली नाही. सुर्ल्यात रुक्मिणीचे नाव अजून निघते ते दारू पिऊन घर सोडून गेलेली म्हातारी म्हणूनच. सुमंगला ते ऐकते, आणि दात आवळून घेते.

पण त्या मंगळवारी त्या दोघी दुपारच्या उन्हात कोमलच्या खोलीपाशी पोचल्या तेव्हा कोमल नुकतीच काजूच्या कारखान्यातून जेवायला आली होती. काजूच्या चिकाने तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे पडले होते, बोटांच्या टोकांची साल निघाली होती. सासूला आणि तिच्या हातातल्या पिशवीला बघून ती दारातच थबकली. हात अंगापासून दूर धरून उभी राहिली.

"आई, हात लावू नकात," ती म्हणाली. "चीक भाजता."

रुक्मिणीने पिशवी खाली ठेवली. आत जाऊन, विचारता विचारता, खोबरेल तेलाची बाटली शोधून आणली आणि पायरीवर बसली. कोमलला समोर बसवले, तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला.

चार वर्षांची गौरवी आईच्या पाठीमागे उभी राहून बघत होती. "आई, ही कोण?" तिने विचारले.

कोमलने सासूकडे पाहिले. रुक्मिणीने मान वर केली नाही. तळव्यावर तेल घेऊन ती एकेक बोट धरून चोळत राहिली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि मग दुसऱ्या हातासाठी तिने आपली ओंजळ पुढे केली.